शिकारीचा परवाना आणि नेमबाजीची परीक्षा: एकदाच, दरवर्षी की नकोच?

सांजमचाण

गेल्या हंगामात माझ्या हातून एक रो हरीण (युरोपातलं लहान हरीण) जखमी झालं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो. थोडं लांबेल.

संध्याकाळची वेळ. मचाणावर बसून तीन तास झाले होते. ऊन उतरलं होतं, पण स्कोपमधून अजून नीट दिसत होतं. झाडीच्या कडेला एक मादी आली. अंतर १४० मीटर, आणि माझी रायफल १०० मीटरला झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाला बसेल असा स्कोप लावलेला. ती मान खाली घालून चरत होती, जराशी तिरकी उभी. चाप ओढला त्याच क्षणी मला कळलं होतं की नेम हलला. गोळी छातीत बसली की कोरडा 'ठप्प' असा आवाज येतो. हा आवाज पाण्याने भरलेल्या पिशवीवर काठी मारावी तसा होता. ती उधळली नाही. पाठ वाकवून, पाय पोटाखाली ओढत, सावकाश झाडीत गेली.

जागेवर जाऊन पाहिलं. रक्त अगदी थोडं, काळपट, आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवट कण. वासही आला. लगेच मागे गेलो नाही, कारण पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या मागे लागलं की ते पळतच राहतं आणि सोडलं तर जवळपास कुठेतरी बसतं. पहाटे माग काढणारी कुत्री घेऊन एक बाई आल्या. कुत्रीने ४०० मीटरवर तिला शोधून काढलं. मेलेली होती. मी मानेखाली हात घातला तर तिथे अजून ऊब होती.

म्हणजे ती जवळजवळ रात्रभर जिवंत होती.

माझ्याकडे परवाना आहे. परीक्षा दिलेली आहे, गोळ्या वर्तुळात बसल्या होत्या. पण ती ११ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझा नेम अजून शाबूत आहे का. गेल्या हंगामाआधी मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मोजून सहा गोळ्या झाडल्या होत्या, त्याही टेबलावर रायफल टेकवून.

नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर रेनडिअरचं चित्र, पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. फिनलंडमध्ये मूस (हरणाच्या कुळातलं प्रचंड जनावर) आणि हरणांसाठी ७५ मीटरवरून ९० सेकंदांत चार गोळ्या, वर्तुळ २३ सेंटिमीटरचं, आणि पास झालात की तीन वर्षं चालतं. अस्वलासाठी हेच वर्तुळ १७ सेंटिमीटरचं असतं. जर्मनीत शिकारीच्या परीक्षेत नेमबाजीत नापास झालात तर बाकीच्या विषयांतले गुण कितीही असोत, ते भरून निघत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. याउलट ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी अशी सक्तीची परीक्षा नाही, जी आहे ती ऐच्छिक. अमेरिकेत न्यूयॉर्कने १९४९ सालीच शिकारी प्रशिक्षण सुरू केलं, पण तिथल्या बहुतेक राज्यांत भर सुरक्षिततेवर आहे, नेम तपासण्यावर नाही.

माझं मत: परीक्षा हवी, आणि दरवर्षी हवी. तुम्हाला काय वाटतं?

---

तांबडीमाती

सांजमचाण, हे इतकं उघडपणे लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. बहुतेक लोक अशा गोष्टी पोटात ठेवतात.

पण तुमचाच प्रसंग तुमच्या मागणीच्या विरोधात जातो असं मला वाटतं. तुम्ही १०० मीटरला झिरो केलेल्या रायफलीने १४० मीटरवर, उतरत्या उजेडात, तिरक्या उभ्या जनावरावर गोळी झाडलीत. रेंजवर दुपारच्या उन्हात उभ्या कागदावर पाच गोळ्या बसवल्या असत्यात, तरी त्या संध्याकाळी तुम्ही हेच केलं असतं. कदाचित अधिक आत्मविश्वासाने केलं असतं. चूक निर्णयाची होती, आणि कोणतीही परीक्षा तो निर्णय तपासत नाही. कागद हलत नाही, कागदाच्या मध्ये फांदी येत नाही, कागद पाहून कोणाची छाती धडधडत नाही.

दुसरं म्हणजे, एकदा परीक्षा आली की तिच्यापुरता सराव येतो. लोक ते वर्तुळ, ते अंतर आणि ती बैठक पाठ करतात.

---

रेंजवरचा

मी गेली चौदा वर्षं या परीक्षा घेतो, फुकट, सुट्टीच्या दिवशी. तांबडीमातींचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: निर्णय तपासला जात नाही. पण रेंजवर प्रत्यक्षात काय सापडतं ते सांगतो, कारण परीक्षा नसती तर हे सगळं थेट रानात गेलं असतं.

पहिल्या दिवशी जे नापास होतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा नेम वाईट नसतो. स्कोपच्या माउंटचा स्क्रू ढिला असतो. किंवा रायफल वर्षभर कपाटात उभी होती, कोणाचा तरी धक्का लागून ती पडली आणि ते कोणी सांगितलंच नाही. किंवा दुकानात नेहमीची काडतुसं मिळाली नाहीत म्हणून वेगळ्या वजनाच्या गोळ्या आणल्या आणि पुन्हा झिरो केलं नाही. मागच्या वर्षी एका अनुभवी माणसाच्या पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या, सुंदर गुच्छ, आणि तो सगळा गुच्छ मध्यापासून २२ सेंटिमीटर डावीकडे! स्कोप फिरवायला दोन मिनिटं लागली. परीक्षा नसती तर तो तसाच मचाणावर चढला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे दचकणं. धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या आधीच खांदा पुढे जातो आणि डोळा मिटतो. हे स्वतःला कधीच कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो आणि सगळं झाकलं जातं. मी न सांगता मध्येच एक डमी काडतूस भरून देतो. चाप ओढला, बार झालाच नाही, आणि रायफलीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. तीस-तीस वर्षं शिकार केलेली माणसं त्या क्षणी गप्प होतात. रागावत नाहीत हो, गप्प होतात. मग आम्ही बसतो, अर्धा तास नुसती कोरडी चाप ओढायची तालीम करतो आणि बहुतेक जण त्याच संध्याकाळी पास होऊन जातात.

म्हणून माझं मत दरवर्षीच्या परीक्षेच्या बाजूने. तिच्यामुळे हंगामाआधी एकदा तरी रायफल कपाटातून बाहेर येते आणि दुसऱ्या कोणाचे तरी डोळे तिच्यावर पडतात.

---

पाणथळ

रेंजवरचा यांच्या डमी काडतुसाला +१. माझ्या गुरूंनी माझ्यावर हाच प्रयोग केला होता. वीस वर्षं झाली, अजून आठवतो.

---

आकडेमोड

मी शिकारी नाही. रेंजवर कागदावर नेमबाजी करतो, त्यामुळे फक्त गणितापुरतं बोलतो.

समजा एखाद्याची गोळी वर्तुळात बसण्याची शक्यता दर वेळी ८० टक्के आहे. म्हणजे पाचातली एक बाहेर जाणार, आणि शिकारीत हे भयंकर आहे. हा माणूस पाचात पाच बसवून पास होण्याची शक्यता साधारण ३३ टक्के. त्याला तीन वेळा बसू दिलं तर निदान एकदा पास होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. याउलट ९५ टक्के अचूक असलेला चांगला नेमबाज पहिल्या फेरीत नापास होण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के आहे. म्हणजे पाच गोळ्यांची एक फेरी चांगला आणि वाईट नेमबाज नीट वेगळा करू शकत नाही. 'पास' या शब्दावर फार भार टाकू नका.

अजून एक गंमत वाटली. नॉर्वेचं वर्तुळ १०० मीटरला ३० सेंटिमीटर, फिनलंडचं ७५ मीटरला २३. दोन्हींचा हिशेब केला तर दर १० मीटरला साधारण ३ सेंटिमीटर! दोन देश, दोन वेगळ्या परीक्षा, पण कडकपणा जवळजवळ तोच. आणि तो फारसा कडक नाही. टेबलावर टेकवलेली साधी चांगली रायफल १०० मीटरला तीन-चार सेंटिमीटरमध्ये गोळ्या बसवते. उरलेली सगळी मोकळीक माणसाच्या हातासाठी ठेवलेली आहे.

---

जुनीवाट

माझं वय ६९. हात थोडे थरथरतात. गोळ्या चालू आहेत, औषधाच्या. बंदुकीच्याही चालू आहेत.

४३ वर्षांत माझ्या हातून दोन जनावरं जखमी होऊन सुटली. दोन्ही आठवतात, जागेसकट. दुसऱ्या वेळेनंतर मी ठरवलं की ६० मीटरच्या पुढे बंदूक उचलायचीच नाही. हे कोणी शिकवलं नाही. ज्यांच्यासोबत मी शिकलो त्यांना परीक्षा हा शब्दच माहीत नव्हता, पण त्यांच्यासमोर लांबून गोळी झाडली तर पुढच्या वेळी सोबत नेत नसत. तीच आमची परीक्षा होती.

आता १०० मीटरवर पाचात पाच बसव म्हणालात तर मी नापास होईन. हे मी लाजून सांगत नाही. पण माझ्या ६० मीटरच्या आत येणारं जनावर जागेवर पडतं. दिवसेंदिवस काहीच जवळ येत नाही, मी रिकाम्या हाताने परत येतो, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मग मला घरी बसवणार, आणि रेंजवर पाच बसवून रानात २०० मीटरवर गोळी झाडणाऱ्या जवान माणसाला परवाना देणार? हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

---

पानगळ

मी शिकार करत नाही. माझा शिकारीला विरोध आहे आणि तो लपवत नाही. तरीही इथे लिहिते, कारण या धाग्यावर लोक प्रामाणिकपणे बोलत आहेत.

तुम्ही सगळे परीक्षेकडे शिकाऱ्याच्या बाजूने पाहता: कोण पास होईल, कोणाला त्रास होईल, कोणावर अन्याय होईल. मी त्या मादीच्या बाजूने पाहते. तिला पोटात गोळी लागली आणि ती रात्रभर पडून होती. शासन जेव्हा कोणाला प्राणी मारायची परवानगी देतं, तेव्हा तो प्राणी लवकर मरेल याची हमी मागण्याचा हक्क समाजाला आहे. ती हमी पूर्ण नसेल, आकडेमोड यांनी दाखवलं तशी अर्धवट असेल. पण अर्धवट हमीदेखील मागायची नाही, हे मला समजत नाही.

गाडी चालवण्याच्या परवान्याशी नेहमी तुलना होते. ती मला पटत नाही. गाडी माणूस रोज चालवतो, हात बसलेला राहतो. बंदूक बहुतेक जण वर्षातून आठ-दहा दिवस हातात घेतात. म्हणून एकदाची परीक्षा तर अजिबात पुरेशी नाही.

जुनीवाट काका, तुमचं वाचून मात्र थांबले. तुम्ही नापास व्हावं असं मलाही वाटत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

पाणथळ

इथे सगळे रायफलीबद्दल बोलत आहेत. आमची छर्‍यांची बंदूक वेगळी आहे, आणि तिच्यात जखमी करण्याचं प्रमाण जास्त असूनही ते दिसत नाही. पक्षी एक-दोन छर्रे घेऊन उडून जातो आणि आपण म्हणतो, 'चुकला'.

डेन्मार्कमध्ये १९९० च्या सुमारास संशोधकांनी पिंक-फूटेड गूस जातीचे रानहंस जिवंत पकडून त्यांचे एक्स-रे काढले. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पक्ष्यांच्या अंगात छर्रे होते. जिवंत, उडणारे, दिसायला धडधाकट पक्षी! हे बाहेर आल्यावर तिथल्या शिकाऱ्यांची झोप उडाली. १९९७ मध्ये त्यांनी आणि शासनाने मिळून कृती आराखडा केला. डेन्मार्कमध्ये परवान्यासाठी नेमबाजीची परीक्षा आहे, पण या आराखड्याचा मोठा भर अंतरावर होता: हंसांवर २५ मीटरच्या पुढे गोळी झाडू नका, अंतर ओळखायला शिका, पक्षी जवळ येईल अशी जागा घ्या. पुढच्या वर्षांत पुन्हा एक्स-रे काढले, तर छर्रे घेऊन फिरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण ठळकपणे घटलेलं होतं.

पाणथळीवर डोक्यावरून जाणारा पक्षी किती उंच आहे हे सांगणं किती कठीण असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मागे ढग असले तर ४० मीटरवरचा हंस २५ वर वाटतो. मी गाळात २५ मीटरवर एक काठी रोवतो, चारही दिशांना. तिच्या आत आला नाही तर बंदूक मांडीवरच राहते. मचाणावर बसणाऱ्यांनी या काठीचा विचार करावा.

जुनीवाट काका, तुमचे ६० मीटर ही तीच काठी आहे.

---

तांबडीमाती

पाणथळ यांचं उदाहरण माझ्या मुद्द्याला बळ देतं असं वाटतं. अंतर, संयम, निर्णय.

पण मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते कोणी बोलत नाही. परीक्षा कुठे होणार? रेंजवर. रेंज कुठे असते? शहराजवळ, किंवा क्लबच्या मालकीची. ज्यांच्यासाठी वर्षाचं मांस म्हणजे शरद ऋतूत मारलेलं एक जनावर, अशी कुटुंबं जगात आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने काडतुसं मोजून आणलेली असतात. त्याला दरवर्षी दोनशे किलोमीटर जाऊन, फी भरून, सरावाला पन्नास काडतुसं उडवून मग परवाना घ्या असं सांगणं म्हणजे शिकार पैसेवाल्यांचा छंद करून टाकणं. आणि आकडेमोड म्हणतात त्याप्रमाणे इतकं करूनही परीक्षेतून नीट काही कळत नाही. शिवाय जो परवान्याशिवाय रात्री दिवे लावून मारतो, तो कुठल्याच परीक्षेला येणार नाही.

---

रेंजवरचा

काडतुसं आणि अंतराचा त्रास खरा आहे, तांबडीमाती. त्यावर उपाय आहेत, पण ते करायची इच्छा लागते. आमच्याकडे परीक्षा रेंजवरच व्हावी असा हट्ट नाही. मागे मातीचा भक्कम चढ असलेली जागा, मोजलेलं अंतर आणि दोन जबाबदार माणसं असली की पुरे. आम्ही चित्रं गाडीत घालून जातो. बैठकीचीही सक्ती नसते. मांडी घालून बसा, काठीवर टेकवा, झाडाला टेका, रानात जसं करता तसंच करा. उलट टेबलावर टेकवलेलं मी पाहतच नाही.

चोरून मारणाऱ्याचा मुद्दा मात्र पटत नाही. तो येणार नाही म्हणून येणाऱ्याने तयार होऊ नये असं थोडंच आहे?

---

धनुकली

धनुष्याने शिकार करणाऱ्यांपैकी मी एक. आमच्यावर लोकांचा आधीच विश्वास कमी असतो, त्यामुळे अनेक ठिकाणी धनुष्यासाठी वेगळी परीक्षा असते, डेन्मार्कमध्येही आहे. मला तिचा कधी जाच वाटला नाही. बाणाला २५ मीटर म्हणजे लांब. हे अंतर आमच्या हाडात भिनलेलं असतं, कारण बाण खाली पडताना डोळ्यांना दिसतो. रायफलीची गोळी दिसत नाही, म्हणून तिला अंतरच नाही असं वाटायला लागतं. बास, एवढंच.

---

खुरांचाडॉक्टर

मी पशुवैद्य आहे, आणि जखमी जनावर सापडलं की कधी कधी मला बोलावतात.

वर्तुळाचा आकार कुठून येतो ते सांगते. गोळी जनावराला धक्क्याने मारत नाही. दोन्ही फुप्फुसं फाटली की रक्तदाब कोसळतो आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. तेवढ्या वेळात हरीण पन्नास-शंभर मीटर धावू शकतं. ते पाहून शिकारी घाबरतो, पण तो मृत्यू झटपटच असतो. त्याचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. गडद, दाट लाल रक्त असेल तर यकृत, आणि काळपट, हिरवट कणांचं असेल तर पोट. पोटातल्या गोळीने मरायला तास लागतात आणि ते तास वेदनेचे असतात. सांजमचाण, तुम्हाला हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिलं.

आता मुद्दा. ३० सेंटिमीटरचं वर्तुळ रेनडिअरच्या छातीवरून घेतलेलं आहे. मूसची छाती तर त्याहून मोठी. पण रो हरीण केवढं असतं? वीस-पंचवीस किलोचं जनावर. त्याची फुप्फुसं आणि हृदय धरून जागा वितीहूनही लहान, आणि ते तिरकं उभं असलं की त्याहून कमी. रेनडिअरच्या वर्तुळावर पास झालेल्या माणसाला रो हरणावर तेवढ्याच अंतरावरून गोळी झाडायची मुभा देणं हे माझ्या दृष्टीने या परीक्षांचं सगळ्यात मोठं वैगुण्य आहे. फिनलंडने अस्वलासाठी निदान वर्तुळ वेगळं केलं.

अजून एक. स्वीडनमध्ये नियम आहे की खुरांच्या जनावराची शिकार करताना माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा दोन तासांत जागेवर पोचू शकेल अशी तजवीज आधीच असली पाहिजे. नेम चुकणारच, कधी ना कधी, कोणाचाही, हे गृहीत धरून केलेला नियम आहे. परीक्षेइतकंच महत्त्व मी याला देईन.

---

आकडेमोड

डॉक्टर, थांबा, तुमच्या वितीमुळे एक हिशेब सुचला.

परीक्षेचा कडकपणा दर १० मीटरला ३ सेंटिमीटर. रो हरणाची जागा १५ सेंटिमीटर धरू. म्हणजे जो माणूस परीक्षा जेमतेम पास होतो, त्याचं रो हरणासाठीचं अंतर फक्त ५० मीटर! १०० नाही. आणि १४० मीटरवर त्याचं वर्तुळ ४२ सेंटिमीटरचं होतं, ज्यात छाती, पोट, पाठ सगळंच येतं.

म्हणजे जुनीवाट काकांनी ४३ वर्षांत स्वतःसाठी काढलेलं अंतर गणिताने येणाऱ्या अंतराच्या अगदी जवळ आहे.

मग परीक्षेने 'पास' किंवा 'नापास' सांगण्याऐवजी अंतर का सांगू नये? १५ सेंटिमीटरचं वर्तुळ लावा. ४० मीटरपासून सुरू करा आणि मागे मागे जा. जिथे पाचात पाच बसायचं थांबतं, त्याच्या आधीचा टप्पा हे तुमचं अंतर. ते परवान्यावर लिहा. काकांच्या परवान्यावर ६०, कोणाच्या १२०. पाच गोळ्यांच्या एका फेरीत योगायोग फार असतो, पण चार-पाच टप्पे केले की तोही कमी होतो.

---

जुनीवाट

हे मला चालेल. ६० लिहा, मी सही करतो.

---

तांबडीमाती

परवान्यावर लिहिलेलं अंतर रानात तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच. एकटा माणूस, संध्याकाळ, समोर जनावर. पण कबूल करतो, ही पहिली परीक्षा आहे जी निर्णयाच्या जवळ जाते. माणसाला आपला आकडा माहीत असेल तर चाप ओढताना तो आकडा निदान आठवेल. सक्तीला माझा विरोध अजून आहे. स्वतःपुरतं मात्र मी हे करून पाहणार आहे.

---

पानगळ

कोणी तपासणार नाही, हे खरं. पण जनावर जखमी झालं आणि चौकशी झाली, तर लिहिलेल्या आकड्याला अर्थ येईल. आज तर विचारायला काहीच नाही.

---

सांजमचाण

उशिरा येतोय, कारण रेंजवर जाऊन आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आकडेमोड यांनी सांगितलं तसंच केलं. पुठ्ठ्यावर १५ सेंटिमीटरची वर्तुळं काढली. टेबल नाही. मचाणावर बसतो तसा बसलो, रायफल आडव्या काठीवर. ४० मीटर: पाच. ६०: पाच. ८०: पाच, त्यातली एक अगदी कडेवर. १०० मीटरवर तीन.

नंतर थोडा वेळ तिथेच बसून होतो. मग पुठ्ठा १४० वर नेऊन लावला. नेऊन लावला कारण मला पाहायचंच होतं. पाचातली एक बसली. एक तर पुठ्ठ्यालाच लागली नाही.

त्या संध्याकाळी मी हे केलं होतं. पाचात एक अशा हिशेबाने चाप ओढला होता, आणि मला वाटत होतं की माझ्याकडे परवाना आहे.

तांबडीमाती, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात म्हणालात की चूक निर्णयाची होती. ती होतीच. पण तो निर्णय घेताना माझ्याजवळ स्वतःबद्दलची माहिती ११ वर्षं जुनी होती. परीक्षा दरवर्षी हवी हे माझं मत कायम आहे, फक्त ती कशी असावी याबद्दलचं मत या धाग्यावर बदललं. आणि काकांना बाहेर ठेवणारी परीक्षा मला नको.

काल मचाणावर गेलो होतो, रायफल न घेता. टेपने ८० मीटर मोजले आणि तिथल्या तीन झाडांना पांढऱ्या फिती बांधल्या. पाणथळ, तुमच्या काठीवरून सुचलं. वरून पाहिलं तर ती मादी जिथे उभी होती ती जागा फितींच्या कितीतरी पलीकडे आहे.

कुत्रीवाल्या बाईंचा नंबर आता फोनमध्ये सगळ्यात वर आहे. हंगामाच्या पहिल्या दिवसाआधी त्यांना कळवून ठेवणार.

---

रेंजवरचा

८० वर कडेला गेलेली गोळी वरच्या बाजूला होती की खालच्या?

---

सांजमचाण

खालच्या. १०० वर बाहेर गेलेल्या दोन्हीही खालीच, किंचित उजवीकडे.

---

रेंजवरचा

तुम्ही उजव्या हाताने झाडत असाल तर हे दचकणं असू शकतं. गोळीची घसरण ८० मीटरवर एवढी नसते, आणि तुमची रायफल १०० ला झिरो आहे. रोज रात्री रिकाम्या रायफलीवर वीस वेळा कोरडा चाप ओढा. आधी दोनदा खात्री करा की ती रिकामी आहे, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्कोपवर एक नाणं ठेवा, ते पडता कामा नये. दोन आठवड्यांनी पुन्हा ८० मीटरवर जा आणि कोणालातरी सोबत घेऊन जा, म्हणजे तो न सांगता मध्येच डमी भरेल.

---

सांजमचाण

आज रात्रीपासून सुरू करतो. मुलीला सांगितलंय नाण्यावर लक्ष ठेवायला.